प्रस्तावना : किलोभर पिठाचे गणित

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्याच्या वडवणी तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या हलक्या होऊ लागतात. बालाघाटच्या रांगांतली माणसे भांडीकुंडी, लेकरे, शेरडे-करडे ट्रॅक्टर-ट्रकमध्ये घालून ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सोलापूर-अहिल्यानगरच्या कारखान्यांवर, कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत थांबायचे नाही. पहाटे फडात उतरायचे, ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या, आणि कोपीवर परतल्यावर बाईने पुन्हा चुलीपुढे बसायचे. हे काम शरीर कशावर करते? खाणे कमी पडले तर ते कुठे काटकसर करते? आणि किती दिवस?

हे प्रश्न डॉक्टरचे आहेत, अर्थशास्त्रज्ञाचे आहेत, तसे गणिताचेही आहेत. मानवी शरीरातल्या घडामोडी गणिती मॉडेलने समजून घेणे हा या पुस्तकाचा विषय. पुढच्या प्रकरणांत हृदय आहे, मज्जातंतू आहेत, रक्तातली साखर आहे, मूत्रपिंड आहे. प्रस्तावनेत त्या सगळ्यांची ओळख करून देण्याचा रिवाज मी मोडणार आहे. एकच मॉडेल घेऊन बसतो, कारण ते मराठी माणसांनी मांडले, मराठी माणसांनीच खोडले, आणि त्याचा निकाल वडवणीसारख्या तालुक्यातल्या माणसांच्या ताटाशी जाऊन भिडला.

आधी मॉडेल म्हणजे काय ते सांगून टाकतो. शरीरात हजार गोष्टी एकाच वेळी चालतात. त्यातल्या दोन-चारच महत्त्वाच्या आहेत असे गृहीत धरायचे, त्यांचा एकमेकींशी संबंध समीकरणात लिहायचा, त्यातून येणारे उत्तर मोजमापाशी ताडून पाहायचे. जुळले नाही तर गृहीतक चुकले. जुळले तर ते बरोबरच आहे असे मात्र नाही, कारण चुकीच्या कारणानेही उत्तर जुळू शकते. हे शेवटचे वाक्य विद्यार्थ्यांनी अधोरेखित करून ठेवावे. शरीराच्या मॉडेलांचा निम्मा इतिहास त्यात आहे.

या पद्धतीची ताकद पहिल्यांदा दिसली ती साध्या गुणाकारातून. विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरणावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी समज असा होता की रक्त यकृतात अन्नापासून तयार होते आणि अवयवांत जिरून संपते. हार्वेंनी हृदयाच्या एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडत असेल याचा मुद्दाम कमीत कमी अंदाज धरला, त्याला अर्ध्या तासातल्या ठोक्यांनी गुणले, आणि उत्तर सबंध शरीरातल्या रक्ताहून जास्त आले. एवढे रक्त अर्ध्या तासात तयार होणे आणि जिरणे शक्य नाही, म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या केशवाहिन्या तोवर कुणी पाहिल्याही नव्हत्या. गणिताने सांगितले, त्या असल्या पाहिजेत. सूक्ष्मदर्शकाने त्या नंतर दाखवल्या.

ऊर्जेचा हिशोब याहून थोडा आधी सुरू झाला होता. पादुआचे वैद्य सान्तोरिओ यांनी तराजूला टांगलेली खुर्ची करून घेतली, वर्षानुवर्षे तिच्यात बसून स्वतःचे वजन केले, खाल्लेले-प्यायलेले तोलले, बाहेर पडलेलेही तोलले. १६१४ च्या त्यांच्या पुस्तकाचे सार असे की आत गेलेल्यापैकी बराच भाग डोळ्यांना न दिसता नाहीसा होतो. तो कुठे जातो हे कळायला लाव्हॉझिए यावे लागले. श्वास घेणे म्हणजे एक प्रकारचे सावकाश जळणे, हे त्यांनी आणि लाप्लास यांनी बर्फाच्या भांड्यात गिनीपिग ठेवून, वितळलेले पाणी मोजून दाखवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत अ‍ॅटवॉटर यांनी माणूस आत राहील एवढा उष्णतामापक कक्ष बांधला. प्रथिने आणि पिष्ट पदार्थ ग्रॅममागे चार, चरबी नऊ किलोकॅलरी, हे बिस्किटाच्या पुड्यावरचे गणित त्यांच्या कामातून आले आहे.

आता समीकरण लिहू. या प्रस्तावनेत पूर्ण मांडलेली दोनच समीकरणे आहेत, त्यातले हे पहिले :

वजन बदलण्याचा वेग = (खाल्लेली ऊर्जा − खर्च झालेली ऊर्जा) ÷ ७,७००

ऊर्जा रोजच्या किलोकॅलरीत, वेग दिवसाला किलोत. शरीराचे एक किलो वजन, मुख्यतः चरबी, म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी, म्हणून तो भागाकार. वजन कमी करण्याचे सल्ले देणारे बहुतेक लोक इथवरच येतात. रोज १०० किलोकॅलरी कमी खा, म्हणजे वर्षाला ३६,५०० वाचतील, ७,७०० ने भागा, पावणेपाच किलो कमी. छान. मग हाच माणूस दहा वर्षे असाच वागला तर सत्तेचाळीस किलो कमी व्हायला हवा. पन्नास किलोचा असेल तर तीन किलो उरेल!

चूक भागाकारात नाही. खर्च स्थिर धरला, तिथे चूक आहे. शरीर लहान झाले की त्याचा खर्चही घटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केव्हिन हॉल आणि सहकारी यांनी २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये याचा नीट हिशोब मांडला. जास्त वजनाच्या प्रौढांसाठी त्यांचा ठोकताळा असा की रोजच्या खाण्यात सुमारे २४ किलोकॅलरींचा कायमचा फरक म्हणजे अखेरीस एक किलोचा फरक. त्यातला निम्मा साधारण वर्षात दिसतो, जवळजवळ सगळा तीन वर्षांत. म्हणजे १०० किलोकॅलरी कमी केल्या तर वजन चारेक किलोने घटून थांबते. सत्तेचाळीस आणि चार! एकाच शरीराबद्दलची ही दोन उत्तरे आहेत. ‘खर्च वजनावर अवलंबून आहे’ एवढे एक कलम वाढवल्याबरोबर गुणाकाराच्या जागी विकलक समीकरण आले आणि उत्तर माणसात आले.

पण हॉल यांचा प्रश्न जास्त खाणाऱ्यांचा होता. आपल्याकडचा जुना प्रश्न उलट बाजूने येतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१० च्या शिफारशींत जड काम करणाऱ्या, ६० किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ३,४९० किलोकॅलरी आणि ५५ किलोच्या स्त्रीला २,८५० किलोकॅलरी धरल्या आहेत. आपल्या पोषणमूल्यांच्या जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीला ३४९ किलोकॅलरी दिलेल्या आहेत. योगायोगाने आकडे असे बसतात की फडातल्या गड्याची दिवसाची गरज म्हणजे बरोबर एक किलो ज्वारीचे पीठ, आणि बाईची आठशे ग्रॅमच्या थोडी वर. हे सगळे पीठच खावे असे कुणी म्हणत नाही; डाळ, तेल, गूळ, भाजी धरून तेवढी ऊर्जा. तरी एका कोयत्यामागे दिवसाला पावणेदोन किलोच्या वर पिठाएवढे अन्न, लेकरांचे वेगळे, हा हिशोब घरातल्या कुणालाही समजतो. ताटात नेमके किती पडते हे समीकरण सांगू शकत नाही. ते मोजावे लागते.

अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ या अभ्यासात दारिद्र्यरेषेसाठी माणशी रोज २,२५० किलोकॅलरींचा आधार घेतला. हा आकडा लहान-मोठे, बसणारे-राबणारे सगळे एकत्र धरून काढलेली सरासरी होती. तेवढे अन्न ज्या खर्चात मिळते, त्याखालचा तो गरीब. १९६०-६१ च्या आकड्यांवरून त्यांना ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली दिसले. पुण्यातून निघालेला हा अभ्यास देशभर गाजला. १९७९ साली नियोजन आयोगाच्या कृती गटाने ग्रामीण २,४०० आणि शहरी २,१०० असे आकडे धरले, तेही याच वाटेने.

त्याच पुण्यात दुसरा एक माणूस म्हणत होता की ही रेषाच चुकीच्या ठिकाणी मारली आहे.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातले बुध गाव. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये संख्याशास्त्रात डॉक्टरेट केली. भारतात परतल्यावर शेतीच्या संख्याशास्त्राचा पाया घातला. १९५१ ते १९७० रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत होते, तिथल्या संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले. जगातले निम्म्याहून जास्त लोक उपाशी आहेत अशा घोषणा चालत त्या काळात, १९६१ साली, त्यांनी रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे हिशोब मांडला की ऊर्जाच कमी पडते असे लोक दहा ते पंधरा टक्के, आणि आहाराचा कस कमी असलेले त्याहून बरेच जास्त. पुढे ‘प्रथिनांची दरी’ नावाचे वारे आले, गरिबांच्या पोरांना प्रथिनांची पावडर द्या असा धोशा सुरू झाला, तेव्हा भाकरी-डाळ पोटभर मिळाली तर प्रथिने बहुतेक आपोआप पुरतात, हेही सुखात्म्यांनी ठणकावून सांगितले. या माणसाला गरिबांचा वैरी ठरवणाऱ्यांनी एवढे तरी आधी वाचायला हवे होते.

निवृत्तीनंतर ते पुण्यात राहिले आणि त्यांनी आयुष्यातला सर्वांत वादग्रस्त सिद्धान्त मांडला. त्याचा आधार होता कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या शेल्डन मार्गेन यांचे प्रयोग. निरोगी माणसांना एका बंदिस्त कक्षात ठेवून, मोजून खाऊ घालून, शरीरात शिरणारा आणि बाहेर पडणारा नायट्रोजन तिथे रोजच्या रोज मोजला जाई. खाणे ठरलेले, काम ठरलेले, तरी शिल्लक रोज वेगळी येत होती. इतरांनी याला मोजमापातली चूक मानले. सुखात्मे संख्याशास्त्रज्ञ होते. चुका असतील तर त्या एकमेकींशी संबंध न ठेवता इकडे-तिकडे विखुरतील, हे त्यांना ठाऊक होते. या शिलकी तशा विखुरलेल्या नव्हत्या. आजची शिल्लक कालच्या शिलकीला धरून होती. दुसरे समीकरण ते हे :

आजचा फरक = र × कालचा फरक + आजचा नवा धक्का

‘फरक’ म्हणजे त्या माणसाच्या स्वतःच्या सरासरीपासूनचा फरक. ‘र’ हा शून्य ते एक यांमधला आकडा. र शून्य असेल तर शरीराला कालची आठवण नाही. र जितका मोठा तितकी आठवण लांब.

एवढ्याशा र ने काय बिघडते ते पाहा. शरीराला आठवण नसेल तर सात दिवसांची सरासरी काढल्यावर चढउतार एका दिवसाच्या चढउताराच्या सुमारे ३८ टक्क्यांवर येतात. सातच्या वर्गमुळाने भागायचे, झाले. आता समजा र = ०.५. तीच सात दिवसांची सरासरी, पण चढउतार ५९ टक्क्यांवरच अडकतात. हे गणित वहीत करून पाहण्यासारखे आहे, चौथ्या प्रकरणात पायऱ्या दिल्या आहेत. सुखात्म्यांनी नायट्रोजनवरून हेच ऊर्जेच्या शिलकीलाही लावले. अर्थ असा की एकाच निरोगी माणसाचा एक आठवडा कमी खाण्याचा आणि दुसरा जास्त खाण्याचा जाऊ शकतो, आणि दोन्हींत त्याला काहीही झालेले नसते. शरीर आपला खर्च आपणच सांभाळत असते. सुखात्मे आणि मार्गेन यांचे १९७८ आणि १९८२ चे लेख याच मुद्द्यावर आहेत.

इथवर मला सुखात्म्यांचे म्हणणे पटते. एका दिवसाची, एका आठवड्याची पाहणी करून ‘हा उपाशी’ असा शिक्का मारणे चूक आहे, हे त्यांनी कायमचे दाखवून दिले. पण ते पुढे गेले. निरोगी माणूस जर स्वतःच्या सरासरीच्या खाली इतका उतरू शकतो, तर उपासमारीची रेषा सरासरीवर का मारायची? ती सरासरीच्या दोन प्रमाण विचलने खाली मारा. रेषा खाली आली की तिच्याखालची माणसे कमी होतात. कागदावरची कोट्यवधी माणसे एका समीकरणाने उपाशी राहायची थांबली.

दांडेकरांना हे मान्य होणे शक्य नव्हते. तेही सातारा जिल्ह्यातलेच, तेही संख्याशास्त्र जाणणारे. १९८१-८२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्यांनी सुखात्म्यांच्या मांडणीवर कडाडून टीका केली. टी. एन. श्रीनिवासन यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ, सी. गोपालन यांच्यासारखे पोषणतज्ज्ञ वादात उतरले. डेव्हिड सेक्लर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने खुरटलेल्या मुलांना ‘लहान पण निरोगी’ म्हटले तेव्हा वाद आणखी पेटला. मराठी वाचकांना दांडेकर अर्थतज्ज्ञ म्हणून माहीत असतात, सुखात्मे बहुधा माहीतच नसतात. या दोघांच्या भांडणाइतके चांगले गणिताचे पाठ्यपुस्तक मला दुसरे दिसले नाही.

कारण चूक समीकरणातच दिसते, बाहेर शोधायला जावे लागत नाही. वरची ओळ पुन्हा वाचा. नव्या धक्क्यांची सरासरी शून्य आहे. र एकापेक्षा कमी आहे. मग र काहीही असो, लांब पल्ल्यात फरकाची सरासरी शून्यच येते, म्हणजे माणूस आपल्या मूळ सरासरीवर परततोच. समीकरण ज्याचे वर्णन करते तो माणूस कधी खाली, कधी वर असा हिंडणारा आहे. गरीब माणूस हिंडत नाही. तो वर्षानुवर्षे खालच्या टोकाला बसून असतो. खाली उतरता येते यावरून खाली कायम राहता येते असा निष्कर्ष निघत नाही, आणि सुखात्म्यांनी तोच काढला. इतका मोठा संख्याशास्त्रज्ञ इथे कसा घसरला याचे मला अजून नवल वाटते. आपले मॉडेल मोजमापाशी जुळले की मॉडेलवाल्याला त्याच्या बाहेरचे दिसेनासे होते, एवढेच मी त्यातून घेतो.

कायम खाली राहिल्यावर काय होते, याचे मोजमाप तर आधीच झालेले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. सगळे स्वखुशीने आलेले, शस्त्र धरायला नकार देणारे शांततावादी. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांश घटले. विश्रांतीच्या अवस्थेतला ऊर्जेचा खर्च सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. म्हणजे शरीराने जुळवून घेतले, सुखात्मे म्हणतात तसेच. पण कसे घेतले? थंडी वाजू लागली, नाडी मंदावली, माणसे चिडचिडी आणि उदास झाली, जिने चढायला नको म्हणू लागली, कामेच्छा गेली, डोक्यात दिवसरात्र फक्त जेवण. ऊर्जेची शिल्लक शून्यावर आली की समीकरणाच्या दृष्टीने सगळे ठीक असते. ती शून्यावर आणायला शरीराने काय काय विकले, याचा स्तंभ त्या वहीत नसतो. शरीर आपल्याच चरबीतून आणि स्नायूंतून उचल घेते, आणि उचल ही उचलच असते, फेडावी लागते.

आता कोयत्याकडे येऊ. कमी खाऊन शिल्लक राखण्याचे शरीराचे सर्वांत मोठे हत्यार कोणते? हालचाल कमी करणे. मिनेसोटाच्या तरुणांनी तेच केले, पडून राहिले. सुखात्म्यांच्या मॉडेलमध्ये ही मुभा गृहीत आहे. ऊसतोड कामगाराला ती नाही. कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडा धरला जातो, पैसे कापले जातात. म्हणजे समीकरणातल्या खर्चावर शरीराचे राज्य नाही, मुकादमाच्या हिशोबाचे आहे. उरलेली सगळी काटकसर मग शरीराच्या आतच व्हायची. गणितात याला बाह्य प्रेरक म्हणतात: समीकरण आतले नियम सांगते, पण बाहेरून रोज किती जोर लागतो ते वेगळे लिहून द्यावे लागते. शरीराच्या मॉडेलांवरची माझी मुख्य तक्रार हीच आहे. आतले नियम लिहिण्यात आपण हुशार झालो आहोत, बाहेरचा जोर कोऱ्या जागेत सोडून देतो.

तो जोर कुठवर जातो याची बीड जिल्ह्याला आकड्यांत माहिती आहे. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ साली आरडाओरड झाली, राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींनी पिशवी काढून टाकलेली होती. त्यामागे डॉक्टरांचा लोभ किती, कर्करोगाची भीती किती, पाळीच्या दिवसांत फडावर पाणी आणि आडोसा नसणे किती, खाडा किती, हे इथे निस्तरणे शक्य नाही. स्त्रीच्या मासिक चक्राची फार सुंदर मॉडेले आहेत, मेंदू, अंडाशय आणि संप्रेरके यांच्यातल्या देवाणघेवाणीची. सातव्या प्रकरणात त्यातले एक आहे. त्यातल्या एकाही समीकरणात खाड्याचे पद नाही.

मोजलेले शरीर कुणाचे, हा प्रश्न एकदा पडला की सगळीकडे दिसू लागतो. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा बीएमआय घ्या. हे सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केतले यांनी युरोपातल्या माणसांवरून काढले. त्याला बीएमआय हे नाव कीज आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली दिले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. डोक्यावर घेतलेल्या सूत्राची इतकी सभ्य थट्टा दुसरी नसेल.

याज्ञिकांचे खरे काम त्या फोटोमागचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातर्फे १९९३ पासून आसपासच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा आणि मग त्यांच्या मुलांचा पाठपुरावा सुरू झाला. तिथल्या बाळांचे जन्माचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमध्ये साउदम्प्टनला ३.५. आठशे ग्रॅमची तूट. ती कुठे पडली हे पाहिले तर पोटातले अवयव आणि स्नायू लहान, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली. बाळ रोड दिसते आणि आतून चरबीदार असते. पुढे मधुमेहाचा धोका का वाढतो याची सुरुवात इथे आहे. विकलक समीकरण सोडवताना सुरुवातीची स्थिती द्यावी लागते, ती बदलली की तेच समीकरण वेगळ्या वाटेने जाते, हे आपण बारावीला शिकतो आणि विसरतो. शेतात आणि फडात राबणाऱ्या गरोदर बाईच्या पोटात पुढच्या पिढीची सुरुवातीची स्थिती लिहिली जात असते. सुखात्मे-दांडेकर वादात हा मुद्दा जवळजवळ नव्हताच. दोघेही आजच्या माणसाच्या आजच्या ताटाबद्दल भांडत होते.

हा विषय महाराष्ट्राला नवा नाही, हे ओघात सांगायला हवे. साथीच्या गणिताचा पाया मानला जाणारा केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा १९२७ चा निबंध आपले सूत्र ज्या आकड्यांवर तपासून पाहतो, ते आकडे मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंचे आहेत. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी इतिहासकार म्हणून आपल्याला ठाऊक. पण १९४४ साली, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना, गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत हे काढण्याचे जे सूत्र त्यांनी दिले, ते आजही जनुकनकाशे करणारे लोक त्यांच्याच नावाने वापरतात.

पुढच्या प्रकरणांत काय आहे ते आता थोडक्यात. मज्जातंतूतून वीज कशी धावते याचे हॉजकिन आणि हक्सले यांचे १९५२ चे मॉडेल मी सविस्तर दिले आहे, कारण या क्षेत्रात त्याहून देखणे काम झालेले नाही. म्हाकुळाच्या जाड तंतूवर केलेली मोजमापे आणि चार समीकरणे, बस. साखर आणि इन्सुलिनच्या प्रकरणात लॅबच्या रिपोर्टवर येणाऱ्या ‘होमा’ आकड्याची उकल आहे. उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन यांचा गुणाकार करून २२.५ ने भागायचे, हे १९८५ साली ऑक्सफर्डमध्ये ठरले. रुग्णाला वाटते यंत्राने मोजले. प्रत्यक्षात दोनच गोष्टी मोजल्या, उरलेले मॉडेल बोलले. मूत्रपिंडाच्या रिपोर्टवरचा ईजीएफआरही तसाच हिशोबाने काढलेला असतो. त्याच्या अमेरिकी सूत्रात काळ्या लोकांसाठी वेगळा गुणक होता, तो २०२१ साली काढून टाकला. औषध रक्तातून कसे उतरते याचे प्रकरण सर्वांत सोपे आहे, आणि दहावीच्या विद्यार्थ्याने तिथून सुरुवात केली तरी चालेल.

गणित बारावीपर्यंतचे पुरते. जिथे जास्त लागते तिथे ते त्याच पानावर शिकवले आहे. समीकरण दिसले की पान उलटायची सवय असलेल्यांनी पहिल्या वाचनात खुशाल उलटावे, मात्र प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ‘यात कुणाला मोजले?’ हा जो छोटा भाग आहे, तो सोडू नये.

एक विनंती वडवणी आणि शेजारच्या तालुक्यांतल्या शिक्षकांना, आशाताईंना, महाविद्यालयातल्या मुलामुलींना. तोडलेल्या उसाचे वजन दर खेपेला कारखान्याच्या काट्यावर होते आणि त्याची पावती मिळते. तोडणाऱ्याच्या वजनाची नोंद त्या कागदांत कुठेच नसते. हंगामाला निघताना एकदा आणि पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, परतल्यावर एकदा, एकाच काट्यावर, वजन घ्या. दंडाचा घेर घ्या. किती दिवस काम झाले आणि किती खाडे पडले ते विचारा. बाई गरोदर असेल तर महिना लिहा. ज्याचे-जिचे मोजता त्यांना कशासाठी ते आधी सांगा, नाही म्हणाले तर थांबा, नावाच्या जागी क्रमांक लिहा, आणि वजन फार उतरलेले दिसले तर आकडा वहीत ठेवून न देता त्या माणसाला आरोग्य केंद्रात घेऊन जा. दोन वजने आणि त्यांमधले दिवस एवढ्यावर पहिले समीकरण सोडवता येते, आणि रोजची तूट किती होती ते निघते. कसे सोडवायचे ते तिसऱ्या प्रकरणात आहे, तेवढ्या पानांची झेरॉक्स काढून वाटायला माझी हरकत नाही.